सरांचे पाहुणे

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी शाळेच्या हौदातले सव्वीस बेडूक मळ्यातल्या विहिरीत सोडून आलो. बेडूक माझे नव्हते. सरांचे होते. सर त्या दिवशी नगरला गेले होते आणि मी त्यांना विचारलं नव्हतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर ते भूतदयेत जमा झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी मी सत्ताविसावा बेडूक मारला. तो अशा रीतीने मारला, की त्या वर्गातला कुणी आज पाथर्डीच्या स्टँडवर भेटला तर नमस्काराच्या आधी हसून घेतो.

तर सर. शाळेत आम्ही चौदा-पंधरा सर होतो, पण नुसतं ‘सर’ म्हटलं की ते एकच, जीवशास्त्राचे. बाकीच्यांना नाव लावावं लागे. मलाही लागायचं, पण सर मला नावाने कधी हाक मारत नसत. मी नोकरीला लागलो तेव्हा अर्जात संगणकाचा तीन महिन्यांचा कोर्स केल्याचं लिहिलं होतं. ते त्यांनी वाचलं आणि त्या दिवसापासून मी ‘अहो कॉम्प्युटर’ झालो. “अहो कॉम्प्युटर, खडू आहे का?” “अहो कॉम्प्युटर, चहा घेताय का?” शाळेत तेव्हा संगणक नव्हता, त्यामुळे ते पद बरीच वर्षं माझ्याकडेच होतं.

सरांच्या अंगात एक लांब कोट असे. मुळात तो पांढरा होता असं जुनी माणसं सांगत. त्याला दोन खिसे. उजव्या खिशात जिवंत, डाव्यात मेलेलं, असा नियम. अळी, गोगलगाय, पैसा किडा, जे वाटेत सापडेल ते काडेपेटीत घालून त्या त्या खिशात जायचं. नव्या मास्तराला सर पहिल्या दिवसापासून प्रेमाने मूठभर शेंगदाणे देत. ते डाव्या खिशातून निघत. हे खिशांचं शास्त्र मला तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर मी पावशेर शेंगदाणे खाल्ले होते.

एकदा ते एसटीने नगरला निघाले. गाडी खचाखच भरलेली. सरांच्या हातात काचेची बरणी. कंडक्टरने विचारलं, “बरणीत काय हो?”

“विंचू.”

“जित्ता?”

“जित्ताच. याचं अर्धं तिकीट पडेल का?”

पुढची तीन बाकडी एका क्षणात मोकळी झाली. सर खिडकीशी बसले, बरणी मांडीवर घेतली आणि करंजीच्या घाटापर्यंत झोपले. त्यानंतर गर्दीच्या दिवशी ते नेहमी बरणी घेऊन निघत. ती बहुतेक वेळा रिकामी असे, फक्त वर फडकं बांधलेलं असे.

त्यांची प्रयोगशाळा म्हणजे शाळेच्या टोकाची एक लांबट खोली. उत्तरेला मोठ्या खिडक्या, मधे दगडी फरशीची टेबलं, आणि तिन्ही भिंतींना बरण्याच बरण्या. सगळ्या त्यांनी स्वतः भरलेल्या. प्रत्येक बरणीला त्यांच्या हातची चिठ्ठी: काय आहे, कुठं सापडलं, कुणी आणलं, मरणाचं कारण. ‘घोणस. कोरडगाव रस्ता. शिपायाने आणली. मरणाचं कारण: ट्रॅक्टर.’ ‘वटवाघूळ. हेडमास्तरांची कचेरी. मरणाचं कारण: पंखा.’ चौथ्या भिंतीवर, खिडक्यांच्या वर, लाल ऑइलपेंटने लिहिलं होतं: ‘येथे आधी पाहावे. मग काढावे. मग वाटल्यास बोलावे.’

हा नियम सर अक्षरशः पाळत. पोरगं चुकीची नळी कापत असलं तरी सर शेजारी उभं राहून नुसते बघत. कापून झालं, पोराने जीभ चावली, की मग म्हणत, “कळलं?” मी एकदा विचारलं, “सर, आधीच सांगायचं ना?” तर म्हणाले, “निरीक्षण चालू असताना मधे हात घालायचा नसतो. पोराचंपण निरीक्षण चालू असतं, माझंपण.”

बेडकांना ते पाहुणे म्हणत. आमचा तालुका कोरडा. फेब्रुवारीत बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा यायची तोवर बेडूक औषधालासुद्धा मिळत नसे. म्हणून सर पावसाळ्यातच पाझर तलावावरून पाहुणे आणून प्रयोगशाळेमागच्या हौदात ठेवत. त्यांची देखभाल गयाबाईकडे. गयाबाई ही प्रयोगशाळेची झाडलोट करणारी. सरांखालोखाल तिथला अधिकार तिचा. ती रोज पाहुण्यांना गांडुळं घालायची आणि मोठ्याने म्हणायची, “येवढं माज्या पोराला चारलं आस्तं तर त्यो पैलवान झाला आस्ता.”

चिरफाडीच्या तासाला सर सगळ्यात आधी बेडकाचं जठर उघडायला लावत. अभ्यासक्रमात हृदय पहिलं होतं, पण सरांना पाहुणा काय जेवून आलाय हे पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. चिमट्याने एकेक तुकडा उचलून ते सांगत, “ही कपाशीवरची अळी. हा तलावावरचा नाही, शेतातून आलेला आहे.” आणि कुणी पुस्तकातली सुबक आकृती वहीत उतरवली की शून्य. “पुस्तकातला बेडूक पुण्याचा आहे. आपला काढा. त्याचं डावं फुप्फुस आक्रसलंय ना? मग आक्रसलेलं काढा.”

आणि मग शाळेत संगणक आला.

गावातला एक मुलगा पुण्यात नोकरीला होता, त्याने दिला. सोबत एक सीडीही दिली. त्या सीडीत बेडूक होता. उंदराने, म्हणजे माउसने, सुरी उचलायची, बेडकाच्या पोटावर फिरवायची, की कातडी बाजूला. हृदयावर टिचकी मारली की हृदय धडधडे. रक्त नाही, वास नाही, क्लोरोफॉर्म नाही. सगळं झाल्यावर एक कळ दाबली की बेडूक पुन्हा शिवल्यासारखा अखंड. मी ते पाहिलं आणि मला साक्षात्कार झाला. माझे साक्षात्कार फार महाग पडतात, पण ते मला नेहमी उशिरा कळतं.

पहिल्यांदा मी तो सरांना दाखवला. सरांनी आधी सीडीच हातात घेतली. डाव्या खिशातून भिंग काढून दोन्ही बाजू पाहिल्या. “वाचते कुठल्या बाजूने?”

मी हसलो. “सर, ते आतलं तंत्र आहे. आपल्याला काय करायचंय?”

त्यांनी सीडी मला परत दिली, मी ती संगणकात घातली. मग भिंग घेऊन पडद्याला नाक लावलं. “अहो कॉम्प्युटर, याच्या पेशी तीनच प्रकारच्या आहेत. लाल, हिरव्या, निळ्या.” मीही भिंगातून पाहिलं. खरंच, बेडूक सगळा ठिपक्यांचा होता. मग ते म्हणाले, “जठर उघडा.” मी टिचकी मारली. जठराचं इंग्रजी नाव आलं, आत काही नाही.

“उपाशी आहे,” सर म्हणाले. “पाहुण्याला उपाशी मारलाय.”

मला राग आला. म्हातारा खुसपटं काढतोय असं वाटलं. मग मी ती शेवटची कळ दाबली. बेडूक अखंड झाला आणि डोळे मिचकावत बसला. सर पुढे झाले. त्यांनी स्वतः उंदरावर बोट टेकवून पुन्हा पोट उघडलं, पुन्हा कळ दाबली. पुन्हा उघडलं, पुन्हा दाबली. सात वेळा. शेवटी कोट सारखा करत म्हणाले, “हे मात्र आपल्याला नाही जमलं.” आणि बाहेर निघून गेले. ते काय बोलून गेले हे मला तेव्हा समजायला हवं होतं. पण मी तेव्हा पडद्यावरची धूळ पुसत होतो.

दुसऱ्याच दिवशी मी संस्थेच्या अध्यक्षांना अर्ज लिहिला. अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणत. आप्पांनी कुणाला प्रश्न विचारला तर समोरचा उभा राहूनच उत्तर द्यायचा, फोनवर असला तरी. अर्जात मी संगणकीय प्रयोगशाळेचे फायदे लिहिले आणि शेवटी, अक्षर चांगलं येत होतं म्हणून, एक वाक्य जास्तीचं लिहिलं: ‘त्यामुळे यापुढे जीवशास्त्रासाठी प्रयोगशाळेच्या स्वतंत्र खोलीची आवश्यकता उरणार नाही.’

मला नुसतं वाक्य गोल करायचं होतं. पण संस्थेच्या कचेरीला दोन वर्षांपासून जागा हवी होती, आणि आप्पांना नेमकी उत्तरेच्या खिडक्यांची हवा आवडायची. आठवड्याभरात माणूस येऊन टेप लावून गेला. सोफा कुठे, टेबल कुठे, सगळं ठरलं. खंडेनवमीला संगणकाची पूजा, आप्पांसमोर बेडकाचं प्रात्यक्षिक, आणि ते पसंत पडलं की दसऱ्याला कचेरीचा पाट तिथे मांडायचा.

नोटीस सरांनी उभ्या उभ्या वाचली. दोनदा वाचली. मग मला एवढंच विचारलं, “बरण्या कुठं?”

“व्हरांड्यात कपाट देणार आहेत सर. एक.”

“एक,” सर म्हणाले. ते भिंतीकडे बघत राहिले. एका कपाटात मावतील तेवढ्या बरण्या नुसत्या सापांच्याच होत्या. त्या दिवशी त्यांनी कुणालाही शेंगदाणे दिले नाहीत.

आदल्या दिवशी ते पेपर तपासायला नगरला गेले आणि माझ्यातला समाजसुधारक जागा झाला. म्हटलं, आता बेडूक हवेत कशाला? दोन घमेली घेतली, वर गोणपाट टाकलं. गयाबाईला एक घमेलं डोक्यावर घ्यायला लावलं. वाटेत ती म्हणाली, “सरांना इचारलं का?”

“त्यात विचारायचं काय? त्यांना सोडतोच आहोत ना!”

“सोडायचं कुनी, त्ये धरनाऱ्यानं ठरवायचं आस्तं,” ती म्हणाली. पण मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. विहिरीच्या काठावर मी चार शब्द बोललो. बेडकांनी ऐकून घेतले नाहीत. सव्वीस वेळा टुपुक् झालं आणि मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

सर सकाळी आले, हौदात वाकून पाहिलं, गयाबाईकडे पाहिलं. तिने हनुवटीने माझ्याकडे खूण केली.  सर हात मागे बांधून प्रयोगशाळेत आले आणि भिंतीवरच्या नियमाखाली उभे राहिले.

अकरावीचा अख्खा वर्ग चपला बाहेर काढून बसला होता. संगणकाला झेंडूचा हार. शेजारी सरांचा मायक्रोस्कोप आणि कात्र्या-चिमट्यांचा ट्रेसुद्धा पूजेला मांडलेला. ते गयाबाईचं काम, तिने कुणाला विचारलं नव्हतं. हेडमास्तरांनी नारळ फोडला. आप्पा पहिल्या खुर्चीत. पूजा मी करत होतो. संगणकाला हळद-कुंकू वाहिलं, उंदराला वाहिलं. मग मनात आलं, की खरं ज्ञान तर सीडीत आहे. तिलाच विसरून कसं चालेल?

मी सीडी ताटात ठेवली. देव पालथा घालत नाहीत, म्हणून तिची चकाकती बाजू वर केली. त्या आरशासारख्या अंगावर ओल्या कुंकवाने मोठं स्वस्तिक काढलं, चार टिंबं दिली आणि अक्षता वाहिल्या. अक्षता छान चिकटल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी सीडी फिरवून, छापील बाजू वर करून, संगणकात सारली.

आतून आवाज आला. पिठाच्या गिरणीत खडा गेला की येतो, तसा. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं आणि थांबलं.

“मास्तर, बेडूक कुटं हाय?” आप्पांनी विचारलं.

मी उभा राहिलो. “येतोय, आप्पा.”

सीडी बाहेर काढली. कुंकू फिरून फिरून सगळीकडे पसरलं होतं.  हाताला लागलं ते फडकं घेतलं आणि खसाखसा पुसलं. ते फळा पुसायचं डस्टर होतं. खडूची भुकटी आणि मधे अडकलेल्या अक्षता. पुसून झाल्यावर सीडीवर नांगरट केल्यासारखे चरे उमटले होते. पुन्हा घातली. आता आवाजसुद्धा येईना.

मागच्या बाकावरून कुणीतरी “डरांव” केलं. वर्ग फुटला.

आप्पा हसले नाहीत. “ऱ्हाऊ द्या त्ये. खराच दावा एखादा.”

“खरे... खरे काल सोडून दिले, आप्पा.”

“कुनी?”

“मीच.”

आप्पांनी खोलीभर नजर फिरवली. “खोटा न्हाई, खरा बी न्हाई. मग ह्या खोलीत हाय तरी काय?”

 हाच तो प्रश्न होता. याचं उत्तर ‘काही नाही’ आलं की उद्या तिथे सोफा. आणि ते उत्तर मी सगळं मिळून तयार करून ठेवलं होतं. मी सरांकडे पाहिलं. सर भिंतीपासून निघाले, ट्रेमधली एक दात कोरायची काडी उचलली, तिचं बोथट टोक पाहिलं आणि थेट आप्पांसमोर जाऊन उभे राहिले.

“तोंड उघडा,” सर म्हणाले.

आप्पांना अख्ख्या तालुक्यात असं कुणी म्हटलं नव्हतं. हेडमास्तरांनी डोळे मिटले. पण सरांच्या आवाजात असं काही होतं, की आप्पांनी खरंच आ केला. सरांनी गालाच्या आतून काडी हलकेच फिरवली, काचपट्टीवर पुसली, निळ्या रंगाचा एक थेंब टाकला, वर पातळ काच ठेवली आणि पट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवली.

“या. टोपी काढा, लागते.”

आप्पा टोपी हातात घेऊन वाकले. एक डोळा मिटला. बराच वेळ गेला.

“काय दिसतं?” सरांनी विचारलं.

“निळ्या निळ्या चपात्या दिसत्यात. मधी येकेक गोळा हाय.”

“त्या पेशी. मधला गोळा तो केंद्रक. त्या तुमच्या आहेत. मघाशी तुमच्या गालात होत्या.”

“माज्या?” आप्पांनी मान वर न करता विचारलं. “ह्यो मी हाय?”

“तुमचा थोडा भाग.”

“आन् ह्यो काळा खडा?”

“तंबाखू.”

वर्ग हसला. आता आप्पाही हसले, पण नळीवरचा डोळा काढला नाही. पोरं रांगेत उभी राहिली, हेडमास्तर रांगेत उभे राहिले. आप्पा उठेनात. सरांनी पट्टी सरकवायचा स्क्रू त्यांच्या बोटात दिला आणि आप्पा स्वतःच्या गालातून हिंडू लागले. “हितं लई दाटी हाय... हितं येकलीच हाय बगा...” वीस मिनिटांनी ते उठले तेव्हा डोळ्याभोवती गोल वळ पडला होता.

सरांनी पट्टी काढून तिच्या कडेला चिठ्ठी लावली आणि लाकडी पेटीत ठेवली. आप्पांनी वाकून वाचलं: ‘मानवी गाल. अध्यक्ष. खंडेनवमी.’

“ही पेटी कुटं ऱ्हानार?” त्यांनी विचारलं.

“व्हरांड्यात,” सर म्हणाले. “कपाटात. सापांच्या शेजारी.”

आप्पांनी टोपी डोक्यावर घातली, नीट केली, आणि हेडमास्तरांकडे वळले. “खोली ऱ्हाऊ द्या. मी हाय हितं. माज्याच अंगावर सोफा टाकता का?”

खोली राहिली. संगणकही तिथेच कोपऱ्यात राहिला, सरांनीच हट्टाने ठेवून घेतला. पुण्याहून दुसरी सीडी यायला दिवाळीनंतरचे दोन महिने गेले. तिचा उपयोग माझ्यापेक्षा सरांनीच जास्त केला. पोरांना आधी ठिपक्यांच्या बेडकावर हात बसवायला लावत. “हवं तेवढं चुका, हा बरा होतो,” म्हणत. विहिरीतले पाहुणे परत धरायचे नाहीत असं त्यांनी सांगितलं, आणि त्या वर्षीची परीक्षा झुरळावर भागली. झुरळांचा दुष्काळ आमच्याकडे कधीच नव्हता.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी सगळे पेढे खाऊन गेल्यावर आम्ही तिघंच उरलो. गयाबाई अक्षता झाडत होती. मी भिंतीवरचा नियम वाचत होतो, पाच वर्षांत पहिल्यांदा नीट.

“सर,” मी म्हटलं, “मी कुंकू लावत होतो तेव्हा बाजू चुकली हे तुम्हाला माहीत होतं?”

“भिंगातून पाहिली होती ना मी. छापील बाजूला नुसती माणसाने वाचायची शाई होती, म्हणजे संगणक वाचतो ती दुसरीच असणार.”

“मग बोलला का नाहीत?”

“निरीक्षण चालू होतं,” सर म्हणाले.

त्यांनी ती सीडी माझ्या हातातून घेतली. रुंद तोंडाची एक रिकामी बरणी फळीवरून काढली, सीडी आत उभी ठेवली, झाकण फिरवलं. मग कोऱ्या चिठ्ठीवर सावकाश, मोठ्याने म्हणत लिहू लागले, “बेडूक. संगणकातला. पुण्याहून आला. जठर रिकामं.” आणि लेखणी उचलून माझ्याकडे पाहिलं. “मरणाचं कारण काय लिहू? इतकी वर्षं इथं बेडूक क्लोरोफॉर्मने मरत आले. कुंकवाने मेलेला हा पहिलाच. कुंकूच लिहितो.”

गयाबाईने केरसुणी थांबवली.

“कुकवाला कशापायी बोल लावताय, सर?” ती म्हणाली. “कारनापुडं ह्यांचं नाव लिवा की.”